पहिल्या पानावरचं नाव

दादाने आयुष्यात एकच गोष्ट लिहिली, ती जगभर गेली, आणि ती वाचणारी माणसं सगळी मिळून हजारभरसुद्धा नसतील. सत्तेचाळीस पानं. पाण्याच्या टाक्यांवर आणि पंपांवर बसवलेल्या छोट्या यंत्रांनी इंटरनेटवरून एकमेकांशी कसं बोलायचं, याचे नियम. आधी कोणी बोलायचं, ऐकू आलं हे कसं सांगायचं, निरोप वाटेत हरवला तर काय करायचं. ऑफिसात त्याला स्पेसिफिकेशन म्हणत. घरात वहिनी त्याला सवत म्हणायची.

"इतर बायकांची सवत निदान माणूस तरी असते," ती म्हणायची. "माझ्या वाट्याला कागद आले."

दादाची धाकटी बहीण त्याचं बोट धरून त्याच कामात आली. ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत, दादा मात्र ठमी. लिहायला त्यानेच शिकवलं. शिकवणं म्हणजे काय, तर तिचं प्रत्येक वाक्य मुद्दाम वाकडं वाचून दाखवायचं. "हे बघ ठमे, वाचणारा आळशी आहे, घाईत आहे आणि त्याला तुझं ऐकायचं नाही, असं धरून लिही. वाक्यात फट दिसली की तो तिच्यातून निसटणार." ती रडकुंडीला यायची, पण तिच्या लिखाणात फट राहीनाशी झाली.

आणि एवढं शिकवणाऱ्या दादाच्या स्वतःच्या दस्तऐवजात, एकोणिसाव्या पानावर, एक दरवाजा सताड उघडा राहिला होता. "उत्तर न आल्यास पुरेसा वेळ थांबावे आणि निरोप पुन्हा पाठवावा." पुरेसा म्हणजे किती? त्या वेळी चार कंपन्यांची माणसं तीन दिवस याच आकड्यावरून हमरीतुमरीवर आली होती. एक म्हणे पाच सेकंद, दुसरा म्हणे दोन मिनिटं. शेवटी वैतागून दादाने "पुरेसा वेळ" लिहिलं, आणि चौघांनी हसत हसत मान डोलावली.

मग पत्रं सुरू झाली. पहिल्या पानावर ज्याचं नाव, त्याला शंका विचारायच्या, हा या कामातला रिवाज. लोक विचारत, "साहेब, पुरेसा म्हणजे किती?" दादा प्रत्येकाला उलट विचारायचा, तुमची लाइन कशी आहे, टाकी केवढी आहे, यंत्रं किती आहेत, आणि मग आकडा सांगायचा. वीस वर्षं त्याने एकही पत्र अनुत्तरित ठेवलं नाही. प्रत्येक पत्र आणि त्याचं उत्तर छापून चपलांच्या खोक्यात ठेवायचा. खोके कपाटावर, पलंगाखाली, शेवटी वहिनीच्या साड्यांच्या कपाटातसुद्धा.

दोन वर्षांपूर्वी उत्तरं बिघडायला लागली. एकाच माणसाला एकच उत्तर तीनदा गेलं. एकाला सेकंद सांगून खाली साबण, मीठ, काडेपेटी, दिव्याच्या वाती अशी यादी गेली. ताईने ते पत्र पाहिलं आणि दादाला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी विस्मरणाच्या त्या आजाराचं नाव सांगितलं, तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, "म्हणजे जागा कमी पडायला लागली." नंतर उत्तरं जाणंच थांबलं.

विचारायला कोणी उरलं नाही, तेव्हा लोकांनी मनाने आकडे टाकले. एका गावात वीज जाऊन आली, सगळी यंत्रं एकाच क्षणी बोलायला लागली, उत्तर न मिळाल्यावर पुन्हा एकाच क्षणी बोलली, आणि त्या कल्लोळात टाकी रिकामी झाल्याचा निरोप बुडाला. तिथल्या दवाखान्याला दिवसभर पाणी मिळालं नाही.

हे नियम ठरवणाऱ्या समितीची बैठक बसली. तिच्यात एका कंपनीकडून येणारे एक गृहस्थ होते. सेकंदासाठी भांडायचे म्हणून सगळे त्यांना घड्याळवाले म्हणत. ते म्हणाले, "पुरेसा वेळ! अहो, माझी बायकोसुद्धा तयार होताना इतकं मोघम सांगत नाही."

सगळे हसले. ताई हसली नाही.

अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "ताई, दस्तऐवज पुन्हा लिहावा लागेल. तुम्हीच लिहा. दुसऱ्या कोणी हात लावलेला मला आवडणार नाही."

घरी येऊन ती देवापुढे हात जोडून उभी राहिली. मागायचं काय, हेच तिला कळेना.

आठ महिने ती खोके घेऊन बसली. सातशे बारा पत्रं. एका मोठ्या कागदावर ती आकडे मांडत गेली: लाइन अशी, यंत्रं इतकी, दादाचं उत्तर इतकं. पाचव्या महिन्यात तिला दिसलं. निरोप जाऊन यायला जितका वेळ लागतो त्याच्या चौपट थांबायचं, दर खेपेला ते दुप्पट करायचं, आणि प्रत्येक यंत्राने थोडं मागेपुढे व्हायचं, म्हणजे सगळी एकदम बोलणार नाहीत. वीस वर्षं दादाने याच हिशेबाने उत्तरं दिली होती आणि एकदाही तो कागदावर लिहिला नव्हता. सामानाची यादी लिहिलेल्या त्या पत्रातला आकडा तिने भीत भीत ताडून पाहिला. तोही बरोबर होता. मीठ आणि काडेपेटी विसरायला लागलेला माणूस हे विसरला नव्हता.

नवा दस्तऐवज तयार झाला. सगळ्यात वर तिला स्वतःच्या हाताने लिहावं लागलं, "यामुळे आधीचा दस्तऐवज रद्द झाला आहे." त्याखाली तिने दोन नावं घातली. आधी दादाचं, मग स्वतःचं.

प्रकाशन विभागाचं पत्र आलं. पहिल्या पानावरच्या प्रत्येक लेखकाने अंतिम मजकूर स्वतः वाचून, स्वतःच्या शब्दांत संमती कळवावी. मुदत दोन दिवस. ज्याची संमती येणार नाही, त्याचं नाव पहिल्या पानावरून काढून शेवटच्या पानावर आभारात जाईल. नियम जुनाच होता. तो करणाऱ्यांत दादाही होता.

"मग पाठव की त्यांच्या नावाने," वहिनी म्हणाली. "पासवर्ड त्या निळ्या खोक्याच्या झाकणावर लिहिलाय. त्यांचंच तर आहे सगळं. दरोडा घालतेयस का कुणाच्या घरी?"

"तसं नाही गं वहिनी."

"मग कसं? माणूस समोर असून पुसला जातोय रोज थोडा थोडा. एका कागदावर तरी राहू दे."

ताईने दादाच्या खात्यातून दोन ओळी लिहिल्या. "मजकूर वाचला. संमती आहे." अगदी त्याच्यासारख्या, कोरड्या. बोट बटणावर नेलं, पण तिला ते दाबवेना. देव बघतो, एवढीच भीती नव्हती ती. दादाने आयुष्यभर न वाचता एका ओळीवर सही केली नव्हती, आणि आता त्याला आडवा येता येत नाही म्हणून ती ते करणार होती. तिने दोन्ही ओळी पुसल्या.

"मी त्याला वाचून दाखवते," ती म्हणाली. "तो हो म्हणाला तर तेच कळवीन."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती त्याच्याजवळ बसली. दादा खिडकीशी खुर्चीत होता. वर्तमानपत्राच्या एकसारख्या पट्ट्या फाडून एकावर एक ठेवण्याचा त्याला हल्ली नाद लागला होता.

"बाई, तुम्ही पाणी घेतलंत का?" त्याने विचारलं.

"घेतलं," ती म्हणाली, आणि वाचायला लागली.

पानामागून पान तो पट्ट्या फाडत राहिला. एकोणिसावं पान आलं. तिने नवा नियम वाचला, चौपट, मग दुप्पट. दादाचा हात थांबला.

"सगळी एकदम बोलतील," तो म्हणाला.

ताईने खुर्ची जवळ ओढली. "नाही, पुढच्या ओळीत आहे. थोडं मागेपुढे व्हायचं."

"वाच."

तिने वाचलं. त्याने मान हलवली. "हं. कुणाचं आहे हे?"

"तुझं, दादा. हे बघ, पहिल्या पानावर तुझं नाव आहे."

त्याने नावावरून बोट फिरवलं. बराच वेळ. मग विचारलं, "कुणाला शंका आली तर?"

"पत्र येईल."

"मला?"

"तुला आणि मला."

"मी उत्तर देत नाही हल्ली," तो हळू म्हणाला. "लोक वाट बघतात, ठमे."

दीड वर्षात त्याने तिला या नावाने हाक मारली नव्हती. त्याने पुन्हा नावावर बोट ठेवलं.

"काढ ते."

"दादा, यातला आकडा न आकडा तुझा आहे. मी फक्त उतरवून घेतला."

"काढ म्हटलं ना! उत्तर देणारा नाही आणि पाटी टांगलेली, हे बरं दिसत नाही." त्याने पान तिच्याकडे सरकवलं, पुन्हा वर्तमानपत्र उचललं, आणि थोड्या वेळाने अदबीने म्हणाला, "बाई, तुम्ही पाणी घेतलंत का?"

संध्याकाळी तिने नाव काढलं. आभारात मात्र लिहिलं, "या दस्तऐवजातील प्रत्येक आकडा त्यांच्या वीस वर्षांच्या पत्रांतून आला आहे." प्रकाशन विभागाने ते वाक्य गाळलं. आभारात फक्त नावं, तीही अकारविल्हे, असा त्यांचा शिरस्ता. ती दोनदा भांडली. अध्यक्षांनीही शब्द टाकून पाहिला. शेवटी अकरा नावांत दादाचं नाव सातवं आलं, घड्याळवाल्यांच्या खाली. त्यांना ते कळलं तेव्हा ते फोनवर एवढंच म्हणाले, "ताई, माझं नाव काढता येतं का?" तेही येत नव्हतं.

दस्तऐवज निघाला त्या दिवशी ती दादाकडेच होती. समितीच्या यादीतल्या सगळ्यांना सूचना गेली. दादाचं नाव यादीतून काढायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. टेबलावरचा त्याचा फोन वाजला.

दादाने पट्ट्या बाजूला ठेवल्या आणि फोन हातात घेतला. "पत्र आलंय. उत्तर द्यायला हवं."

वहिनी पदर तोंडाला लावून आत गेली.

"दिलं, दादा," ताई म्हणाली. "मी दिलं उत्तर."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"बरं झालं." त्याने फोन खाली ठेवला, दोन पट्ट्या फाडल्या, आणि पुन्हा फोन उचलला. "पत्र आलंय. लोक वाट बघत असतील."

"दिलं, दादा. सगळ्यांना दिलं."

ऊन खिडकीतून उतरेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. तेवढ्या वेळात त्याने नऊ वेळा विचारलं, आणि नऊ वेळा तिने तेच सांगितलं.