आहेराच्या खोलीची राखण

जावयानं सतरंजीवर सुपाऱ्या मांडल्या होत्या. एक सुपारी म्हणजे सोफ्यावर बसणारा एक माणूस. त्यामागं तुरीचे दाणे, म्हणजे पांढरं कव्हर घातलेल्या खुर्च्या. त्यामागं लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, तिथं कोणीही बसा. माझ्या नातीच्या लग्नात कोणाची जागा कुठं, ते वाशिमला जावयाच्या बैठकीत असं ठरत होतं. मी दाराजवळ बसून लसूण सोलत होते.

लग्नात माईकवर बोलायला एक मास्तर ठरवला होता. तोही सुपाऱ्यांवर वाकला होता. दोन पुढाऱ्यांच्या सुपाऱ्या शेजारी आल्या तसा तो म्हणाला, "त्यायले जवळजवळ नका ठेवू भाऊ. कुस्ती लागन."

"मंग मंधात डॉक्टर टाका," जावई म्हणाला. "लागलं-गिगलं तं पट्टी करतीन."

सगळे हसले. मीही हसले. मग मास्तरनं हनुवटीनं माझ्याकडं खूण केली.

"अन् बुढीले कुठं बसवाचं?"

जावयाच्या बोटांत तुरीचा एक दाणा होता. त्यानं तो वाटीत परत टाकला.

"मामी आहेराच्या खोलीत राहतीन. तिथं भरवशाचं माणूस पायजे. काय मामी?"

मी मान हलवली. हो म्हणाले. भरवशाचं माणूस म्हटलं की म्हातारी बाई खूश होते, हे त्याला ठाऊक होतं. आणि खरं सांगते, घटकाभर मी झालेही. लसणाचा पुढचा गड्डा हातात घेतला तेव्हा कळलं. त्या सतरंजीवर माझ्यासाठी एक दाणासुद्धा नव्हता.

वैशू माझ्या लेकीची लेक. लेक गेली तेव्हा वैशू रांगत होती. जावयानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि पोरगी माझ्याकडं मेडशीला आणून सोडली. सोयाबीनच्या निंदणाला जाताना मी तिला लुगड्याच्या झोळीत शेताच्या बांधावर, धुऱ्यावर टाकायची. पुढं शाळा, पुढं एसटीनं वाशिमचं कॉलेज. जावयाचं तोवर बरं चाललं. आडत दुकान झालं, दोन मजली घर झालं, पुढाऱ्यांत ऊठबस झाली. पोरगी नोकरीला लागली, चांगलं स्थळ आलं, तेव्हा त्याला आपण बाप असल्याचं आठवलं. म्हणाला, लग्न मी करतो, वाशिमला, लॉनवर. मी कशाला अडवू? माझ्या अंगणात चारशे माणूस बसत नाही.

त्याची दुसरी बायको सुनंदा. बाई वाईट नाही. मला ती कधी वाकडा शब्द बोलली नाही. पण मला तिची जळण होती. कोपरापर्यंत हिरवा चुडा, मोठं कुंकू, हातात नव्या साडीची पिशवी घेऊन ती घरभर फिरायची आणि बाया तिला विचारायच्या, "वैशूच्या माय, हळद कुठं ठेवली?" वैशूच्या माय! ती हाक ऐकली की मी जळायची. ती माय असेल तर माझी लेक कोण होती? मी कोण होते?

हळदीच्या दिवशी मी पोरीच्या गालाला हात लावायला गेले. एका बाईनं मधेच माझं मनगट धरलं. हळूच, प्रेमानंच म्हणाली, "आजी, तुमी मागून लावजा. आधी सवासणी." नवरा गेलेल्या बाईचा हात आधी लागू नये. मी वैशूकडं पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले होते, हळद डोळ्यांत जाऊ नये म्हणून. की मला पाहू नये म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. मागून लावायला हळद उरली नाही.

रात्री पोरगी माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, जाऊ दे ना. एका दिवसाची तं गोष्ट हाय."

एका दिवसाची गोष्ट! तो एक दिवस मी तिच्या जन्मापासून मनात रंगवत आले होते.

लग्न सकाळी लागलं. कन्यादानाला जावई आणि सुनंदा बसले. स्वागत समारंभ दुपारी, त्याच ठिकाणी. मी आहेराच्या खोलीत. मिक्सरची खोकी, भिंतीवरची घड्याळं, बांधलेल्या साड्या. मधे एका टेबलावर पाहुण्यांच्या सत्काराच्या शाली, फेटे आणि नारळ. आमच्याकडं शाल-नारळ दिल्याशिवाय पुढाऱ्याच्या हातात माईक देत नाहीत. तसाच दिला तर तो रुसून वर्षभर बोलत नाही. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या कमरेला.

खोलीच्या खिडकीला लागूनच भोंगा बांधलेला. आधी मास्तर बोलला. मग जावयाचं स्वागताचं भाषण. घरी आरशासमोर पाठ केलेलं.

"सुनंदानं वैशालीले कधी सावत्र मानलं नाही. बोट धरून शाळेत नेलं. आजारपणात उशाशी बसली. आज जी पोरगी तुमाले दिसून राह्यली, ते या माउलीचं पुण्य हाय."

टाळ्या पडल्या. भोंग्यातून टाळ्या फार मोठ्या येतात.

सुनंदा आमच्या मेडशीच्या घरात पहिल्यांदा आली तेव्हा वैशू दहावीला होती. तिची शाळा कुठल्या गल्लीत आहे हे त्या बाईला माहीत नव्हतं. पोरीला कावीळ झाली तेव्हा मी तिला कडेवर घेऊन मालेगावच्या दवाखान्याला जाताना एसटीत उभी होते, बसायला जागा नव्हती म्हणून. हे सगळं त्यानं उचललं आणि माझ्या देखत दुसरीच्या पदरात टाकलं. देखत कसलं? माझ्या कानावर. मी दिसू नये याची तजवीज आधीच झाली होती.

मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलं नाही. मी उठले, खोलीला कुलूप लावलं, आणि मधल्या वाटेनं चालत थेट पुढं गेले. पहिल्या रांगेतला कोपऱ्याचा सोफा रिकामा होता. कोणा साहेबांसाठी राखलेला. मी बसले. सोफा मऊ होता. पाय जमिनीला पुरत नव्हते.

मास्तर धावत आला. "आजी, उठा. साहेब येऊन राह्यले."

"येऊ द्या. लय रुंद हाय. माह्या बाजूले बसतीन."

"अन् शाली? सत्कार सुरू कराचा हाय. किल्ली द्या."

"देतो. आधी माईकवर सांगा, पोरीले कोणं वाढवलं."

तो जावयाकडं गेला. जावई स्टेजवरून माझ्याकडं पाहत हसत होता, कारण फोटोवाला समोर होता. कानात कुजबुज झाली. मग मास्तरनं माईक घेतला.

"वधूच्या संगोपनात तिच्या आजीचाही थोडाफार हातभार लागला आहे. त्यांचे आभार."

थोडाफार हातभार.

मी उभी राहिले. माईक मागितला. मास्तरनं तो छातीशी धरला, जणू मी तो घेऊन पळणार होते. मग मी तशीच बोलले. निंदणात या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारायची सवय आहे मला, माईक काय करायचा?

"या पोरीची माय माह्या पोटची होती. ते मेली. पोरगी मी वाढवली, मेडशीले. शाळेत मी नेली. दवाखान्यात मी नेली. सुनंदाबाई चांगली बाई हाय, पण तिनं हे केलं नाई. खोटं सांगून माही पोरगी सासरी धाडू नका."

मी खाली बसले. किल्ली काढून मास्तरच्या हातावर ठेवली. कोणी टाळी वाजवली नाही. लाल खुर्च्यांवरचे लोक उठून उठून पाहत होते. मास्तरनं घाईनं बँडवाल्याला हात केला आणि बँड वाजायला लागला.

वैशूनं हारातलं एक फूल खुडलं आणि त्याच्या पाकळ्या सुट्या करत बसली. मान वर केली नाही.

सगळ्यांचे सत्कार झाले. त्या दोन पुढाऱ्यांचेही, मधे डॉक्टर ठेवून. सुनंदालाही शाल मिळाली. मी शेवटपर्यंत सोफ्यावर होते. साहेब आले ते दुसरीकडं बसले.

जेवणं चालू असताना जावई जवळ आला. "मामी, चार लोकांत तुमी माही इज्जत काढली."

"तुमी तं माही भोंग्यावर काढली," मी म्हणाले. "मी बिना माईकची बोलली."

सुनंदा मात्र नंतर येऊन बाजूला उभी राहिली. शाल अजून तिच्या खांद्यावर होती. म्हणाली, "तुमी बोलल्या ते खरं हाय. मी त्यायले म्हटलं होतं, असं नका बोलू. पण आता पोरीनं माहेरपणाले कोणाच्या दारात यावं, ते सांगा."

प्रश्न तिनं विचारला याचीही मला जळण झाली. निघताना वैशू आधी तिच्या गळ्यात पडली. मग माझ्या. नुसती रडली, आणि गाडीत बसली.

जळण गेली नाही. जावी असं मला वाटतही नाही. इतकी वर्षं मी तिला मत्सर समजून गिळत होते. ती माझ्या हक्काची आग आहे, हे मला त्या सोफ्यावर कळलं. माझं घेतलं होतं, म्हणून मला जळत होतं.

पोरगी माहेरी कुठं येईल ते तिनं ठरवावं. मेडशीचं दार उघडं आहे, पण मी त्याच्याआड लपून वाट पाहत बसणार नाही. तिच्या बाळंतपणाची बोलणी होतील तेव्हा मी सतरंजीवर मधे बसेन. लसूण ज्याला खायचा त्यानं सोलावा.

पुढच्या महिन्यात केनवडला भावकीत लग्न आहे. आमच्या गल्लीत माझ्यासारख्या तिघी आहेत, हळदीला मागून बोलावल्या जाणाऱ्या. काल तिघींना सांगून आले. चांगलं लुगडं नेसा. हळद आपण आधी लावायची. बसायचं पहिल्या रांगेत, आणि कोणी उठवायला आलं तर उठायचं नाही.