नारूच्या गावातलं प्रॅक्टिकल

किस्से काही कुणी ठरवून साठवत नाही. आमच्या बॅचचे दोघे-तिघे भेटले, की कुणीतरी नुसतं "पिंगळी" म्हणतो आणि पुढ्यातला चहा थंड होऊन जातो.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. हैदराबादला आम्ही डॉक्टरकी शिकत होतो, तीही उर्दूतून. मी जिंतूरचा. माझा जोडीदार मोहन हैदराबादेतच वाढलेला. वाहिदसाहेब आमचे प्रोफेसर. नारूचा धडा त्यांनी फळ्यावर आकृती काढून शिकवला, मग हातातला खडू खाली ठेवला आणि म्हणाले, "किताब में बीमारी सोई हुई है. जागती देखनी हो तो गाँव चलो."

आम्हाला वाटलं, बोलायची पद्धत आहे. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही खरंच पिंगळीच्या स्टेशनावर उतरलो आणि बैलगाडीनं पुढच्या गावाला निघालो!

नारू आताच्या पोरांना माहीत नाही, हे बरंच आहे. दूषित पाणी प्यायलं, की वर्षभरानं पायातून दोऱ्यासारखा लांब जंत बाहेर यायचा. आग व्हायची म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवायचा, आणि जंताची पिल्लं त्याच पाण्यात सुटायची. गावाला बारव एकच. पायऱ्या उतरून, पाय बुडवूनच घागर भरायची. ऐन पेरणीत कर्ती माणसं बाजेवर पडलेली असायची.

*

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मोहनच्या डोक्यावर हॅट, पायात बूट. वाहिदसाहेब साध्या कुडत्यात. पाटलांनी मोहनला बाजेवर बसवलं आणि साहेबांना दाखवली खाली घोंगडी.

मोहन उठायला लागला, तर साहेबांनी डोळ्यांनीच दटावलं. घोंगडीवर मांडी घालून ते अदबीनं म्हणाले, "डॉक्टरसाहब, मरीज देखिए."

पहिला पेशंट आला तो पाटलांचा बैल. खांद्याला सूज होती. मोहननं हॅट काढली, ती पुन्हा काही त्याच्या डोक्यावर दिसली नाही.

*

संध्याकाळी पारावर सभा भरली. साहेबांनी नारू कसा होतो ते समजावलं आणि शेवटी हात जोडून सांगितलं, "पानी छान के पिओ."

मी मराठीत सांगायच्या आतच एक म्हातारी उठली. सोजरआक्का तिचं नाव. गावात तिचा शब्द खाली पडत नसे. ती म्हणाली, "छानच पितो की. आमच्या बारवंचं पानी लय छान हाय."

सगळ्या गावानं माना डोलावल्या. 'छानना' म्हणजे गाळणं, हे मी कानात सांगितलं तेव्हा साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. त्या रात्री त्यांनी माझ्याकडून मराठीतला पहिला शब्द पाठ करून घेतला. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतून चालताना ज्याला त्याला म्हणायचे, "गाळून!" माणसं रामराम म्हणायच्या जागी त्यांना "गाळून, साहेब" म्हणू लागली.

*

गाळून का प्यायचं, हे पटवायला मोहननं पेल्यात बारवेचं पाणी घेतलं आणि भिंग धरलं. पाण्यात बारीक बारीक जीव उड्या मारत होते. बायका तोंडाला पदर लावून मागं सरल्या. सोजरआक्कानं मात्र बराच वेळ पाहिलं आणि घरी जाऊन घागरीला धुवट लुगड्याची घडी बांधली.

दोन दिवसांनी मोहन रागानं आला. आक्का पाणी गाळते खरी, पण फडकं परत बारवेतच झटकते! साहेबांनी तिला कारण विचारलं.

"तुमी पिऊ नका म्हनलात. मारा म्हनला न्हाई," ती म्हणाली. "लेकुरवाळे जीव हायेत ते, उन्हात कुठं टाकू?"

साहेब मोहनकडे वळून म्हणाले, "ठीक तो है. वो अपने घर, हम अपने घर."

*

धोंडिबा नावाच्या शेतकऱ्याच्या घोट्यातून नारू बाहेर यायलाय, असा निरोप आला. असा नारू काडीला गुंडाळत रोज थोडाथोडाच ओढायचा असतो. तुटला तर पाय सडायचा. साहेबांनी हे काम मुद्दाम मोहनला दिलं, कारण वर्गात त्याच्याइतका उतावळा कुणी नव्हता.

मोहन रोज सकाळी धोंडिबाच्या पायाशी बसायचा. घाम टपकायचा, पण हात हलायचा नाही. शेवटचं टोक सुटलं तेव्हा धोंडिबानं दोन्ही हातांनी त्याचं डोकं धरलं. मृगाला तो लंगडत का होईना, तिफणीमागं उभा राहिला. मोहन पुढं नावाजलेला सर्जन झाला. कुणी कौतुक केलं, की म्हणायचा, "हात धोंडिबाच्या पायानं दिलाय."

*

खरा पेच पुढंच होता. साहेबांचं म्हणणं, कुणाचा पायच पाण्यात जायला नको, म्हणून बारवेच्या पायऱ्या बुजवून वर कठडा बांधायचा आणि रहाट बसवायचा. पण बारवेत आसरांचं ठाणं होतं. जलदेवतांची वाट कोण अडवणार? पाटलांनी हात जोडले. एकदोघे उठूनही गेले. आम्ही साहेबांकडे पाहिलं. दुसऱ्या धर्माच्या माणसानं यात काय बोलावं?

साहेब सोजरआक्कापुढं जाऊन बसले. म्हणाले, आम्ही परके, आसरांना तुम्हीच विचारा. त्या म्हणतील तसं करू.

आक्कानं नैवेद्य केला, एकटीच पायऱ्या उतरली. गाव काठावर उभं. वर आली ती दम खात, आणि म्हणाली, "त्यांला वर यायला पायऱ्या लागत न्हाईत. पायऱ्या आपल्याला लागत्यात. बुजवा."

पहिला दगड तिनंच टाकला. मग गावानं आणि आम्ही मिळून पायऱ्या बुजवल्या. तळहातांना फोड आले. साहेबही आमच्याबरोबर दगड उचलत होते. आजही ते हात आठवले, की पाया पडावंसं वाटतं.

*

दोन वर्षांनी वाहिदसाहेब नव्या पोरांची तुकडी घेऊन त्याच गावात गेले. मोहन आणि मीही सोबत होतो. पोरांनी वह्या काढल्या, भिंगं पुसली. त्यांना नारू बघायचा होता. आम्ही घरोघर फिरलो. सगळ्यांचे पाय नांगरटीत मळलेले, धडधाकट.

पारावर परतलो तर सोजरआक्का ओशाळून उभी. घरी पाहुणा जेवायला यावा आणि चूल थंड असावी, तसा तिचा चेहरा झाला होता.

"लय लांबून आलात, साहेब," ती म्हणाली. "अन् दाखवायला गावात एक पाय न्हाई. लेकरांचा हिरमोड झाला."

साहेबांनी चष्मा काढला, कुडत्याच्या टोकानं पुसला आणि पुसतच राहिले. आक्का आणखीनच कासावीस झाली.

"वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "शेजारच्या गावात हायेत म्हनं पाचसात. धोंडिबा, गाडी जुंप."