पालथे डबे

आमचे हे सैन्यातून निवृत्त होऊन मोशीला परत आले, ते एक विचित्र सवय घेऊन. रविवारी सकाळी ताट मांडीवर घ्यायचं आणि आठवड्याची डाळ निवडत बसायचं. हल्ली पाकिटातली डाळ स्वच्छच येते. मी चिडवायचे, देशाचं रक्षण झालं, आता तूरडाळीचं चाललंय. ते नुसते हसायचे.

मागच्या दिवाळीत माझी ठुशी गेली. आईची तेवढी एकच वस्तू माझ्याकडे होती. घर धुंडाळलं, खूप रडले. आमच्या घरामागे भाड्याच्या खोल्या आहेत, भाडेकरू सगळे चाकणच्या कंपन्यांत जाणारे. त्यांच्या बायका फराळाला घरात येऊन गेल्या होत्या. दीर म्हणाले, "वहिनी, समद्या खोल्या झाडून बघू. येकीकडं तरी घावंलच." मला पटलं. मी चाव्यांचा जुडगा घेऊन निघालेसुद्धा.

हे दारात आडवे आले. दिरांना घरी पाठवलं, मला बसवलं आणि आजवर कधी न काढलेला विषय काढला. बंडखोरांच्या भागात यांची ड्यूटी होती. एका गावात बंदूकवाला लपल्याची खबर आली, म्हणून अख्ख्या गावाची झडती. एका म्हातारीच्या चुलीपाशी हे बुटांसकट गेले आणि डबे पालथे केले. डाळ, तांदूळ, मीठ, सगळं जमिनीवर एक झालं. ती खाली बसली आणि दाणे वेगळे करायला लागली.

"मग काही सापडलं का?" मी विचारलं.

"शेजारच्या घरात बंदूक सापडली. खबर खरी होती, साहेब खूश झाले." मग म्हणाले, "पण ती म्हातारी त्या दिवशी काय जेवली असेल गं?"

मला रागच आला. कुठली कोण म्हातारी, आणि तिच्यापायी माझ्या आईची ठुशी जाऊ द्यायची? पण रविवारी मांडीवर ताट घेऊन बसणारे हे डोळ्यांसमोर आले. आणि मी त्यावरूनच यांना चिडवत आले होते. मी उठले आणि जुडगा खिळ्याला अडकवला.

ठुशी अजून सापडलेली नाही. सणाला साडी नेसले की हात गळ्याकडे जातो आणि डोळे भरतात. रविवारी हे ताट घेऊन बसले की आता मीही शेजारी बसते आणि अर्धी डाळ माझ्याकडे ओढून घेते. खडा एकही निघत नाही.