दौंडला इंजिन फिरतं तेवढ्यात

पुण्याहून उत्तरेला जाणारी गाडी दौंडला तोंड फिरवते. इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला लागतं आणि तेवढा वेळ आमच्या भागातल्या लोकांना आपली माणसं भेटतात. लांब दिलेल्या लेकीला डबा पोचवायचा तो इथंच. अक्का, माझी थोरली बहीण, झाशीला दिलेली. भाऊजींच्या कामासाठी दोघं पुण्याला आली होती, पण रजा संपत आल्यामुळे शिरूरला येणं जमत नव्हतं. शेजाऱ्यांकडे तिचा फोन आला आणि आईनं लगेच धपाट्यांचं (मिश्र पिठाच्या, थापून केलेल्या तिखट भाकऱ्या) पीठ मळायला घेतलं.

तात्या, म्हणजे आमचे वडील, गेल्यावर त्यांची जुनी मोटारसायकल माझ्याकडे आली. खरं तर ती चालवायला त्यांनी आधी अक्कालाच शिकवलं होतं, बाजार नसलेल्या दिवशी, मार्केट यार्डात. मी मागं बसून ओरडायचो. टाकीचं झाकण ढिलं असल्यानं खड्ड्यात पेट्रोल उडायचं. डब्याची पिशवी हँडलला अडकून टाकीवरच टेकणार होती, म्हणून आईनं झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद घालून ते घट्ट बसवून दिलं. धपाट्यांना वास लागायला नको होता. दुपारीच मी घोडनदी (शिरूरला आम्ही असंच म्हणतो) सोडली.

निमोण्याच्या अलीकडं गाडीनं आचके दिले आणि गप्प झाली. प्लग काढून इंजिनाला टेकवला, किक मारली. ठिणगी दिसली की भासली, उन्हात कळेना. बांधावर मेंढरं राखत बसलेले एक आबा उठून आले. त्यांचं निदान तयार होतं: करंट नाही. वायर खरंच एका जागी सोललेली निघाली. तिला पट्टी गुंडाळली, पेट्रोल आहे ना म्हणून झाकण उघडून पाहिलं, कागदासकट पुन्हा लावलं, आणि पहिल्याच किकला गाडी सुरू. आबा स्वतःवर खूश, मी आबांवर. बहिणीला भेटायला दौंडला निघालोय, असं सांगितलं.

"मंग हितं काय हुबा हायस?" आबा म्हणाले. "तिची गाडी तुझ्यासाठी थांबायची न्हाई."

थोडं अंतर गेलो आणि पुन्हा तेच. पट्टी सोडली, बांधली, झाकण उघडून पाहिलं, गाडी सुरू झाली. तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हा लांबून भीमेचा पूल दिसत होता आणि मला रडू यायचंच बाकी होतं. पट्टीचा नाद सोडून आधी झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली. कागद टाकीत ओढला गेला होता. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते आईच्या मायेनं बुजवलं होतं. हवा आत जाईना म्हणून पेट्रोल खाली उतरेना. दर वेळी काम करत होतं झाकण, आणि मी श्रेय देत होतो वायरीला.

कागद खिशात कोंबला. पिशवी मागं बांधायला दोरी नव्हती. पुलावर पेट्रोल उडून पिशवीवर पडताना दिसत होतं, तरी तसाच पुढं गेलो.

फलाटावर पोचलो तर इंजिन केव्हाच लागलं होतं. अक्का डब्याच्या दारात उभी होती. तिचे केस पांढरे व्हायला लागलेत, हे फोनवर कुठून कळणार? गाडी हलली. मी पिशवी वर केली, तिनं घेतली आणि मी दाराबरोबर चालू लागलो. किती बोलायचं ठरवलं होतं, आणि तोंडून निघालं एवढंच की पेट्रोलचा वास लागलाय, डबा पुसून घे.

तिनं पिशवी नाकाशी धरली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तात्यांच्या सदऱ्याला असाच यायचा."

फलाट संपला तिथं मी थांबलो.

परतताना गाडी एकदाही बंद पडली नाही. आता पडली असती तर चाललं असतं. अक्काला डोळे भरून पाहिलंसुद्धा नाही, ही हुरहुर सगळ्या वाटेवर सोबत होती. आईनं दारातच विचारलं, धपाट्यांना वास तर लागला नाही ना. मी कागद तिच्या हातात दिला आणि अक्का काय म्हणाली ते सांगितलं. आई अंगणात उतरली आणि टाकीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली.

"फुडच्या टायमाला कागद न्हाई लावायचा," ती म्हणाली.

पुढची वेळ कधी येणार, हे तिनं विचारलं नाही.