सुदामाच्या बरडावरची पानं

मी बीए झालो तो पळसाच्या पानांवर. माय पत्रावळी लावायची, मानोऱ्याच्या बाजारात विकायची, त्यातून माझी फी जायची. पण आमच्या गावच्या बरडावर, त्या खडकाळ माळावर, पळस उरला नव्हता. सरपणासाठी लोकांनी खोडं तोडली, मग मुळंही खणून नेली. माय पहाटे उठून परक्या शिवारात जायची, तिथल्या राखणदाराच्या शिव्या खायची आणि उन्हं डोक्यावर आल्यावर भारा घेऊन परतायची. मी मनाशी म्हणायचो, नोकरी लागू दे, मायची ही वाट मीच बंद करीन.

ती बंद केली सुदामाने.

सुदामा माझा चुलतभाऊ, माझ्याच वयाचा, सातवीतून शाळा सोडलेला. त्याला जाऊन दीड महिना झाला... तापाचं निमित्त. गावचा माणूस अकोल्याला माझ्या कचेरीत निरोप घेऊन आला. सुदामा गेला, एवढं सांगून लगेच म्हणाला, "तुमच्या मायनं अन्न सोडलं हाय." मला रडू नाही आलं आधी. आधी वाटलं, माझ्यासाठी तिने कधी अन्न सोडलं असतं का... असो.

मी बीएला असताना दुष्काळ पडला होता; तो सरल्यावर सुदामाने गाव गोळा केलं. ज्या घराला जे झाड लागतं ते त्या घराने बरडावर लावायचं, असं ठरलं. कोणी मोह घेतला, कोणी बेहडा, कोणी चारोळी. आमच्याकडे पळस आला. चराई बंद. ज्याची बकरी शिरेल त्याने आणखी रोपं लावून जगवायची, हाच दंड. मी निकाल घेऊन घरी आलो तर दाराला कडी. पहिली बकरी शिरली ती आमचीच, आणि माय बरडावर खड्डे खणत होती.

"बीएवाल्याच्या मायले दंड करून राह्यला काय बे?" मी सुदामाला विचारलं.

"बीए तू झाला. बकरी थोडीच झाली?"

सगळे हसले, माय सगळ्यांत जास्त. निकालाचा कागद तिने मातीच्या हाताने कपाळाला लावला आणि म्हणाली, "बैस सावलीत. येवढा खड्डा होऊ दे." सावली कुठे होती तेव्हा बरडावर.

पळस पानाला आला तेव्हा सुदामाने कुणाला हात लावू दिला नाही. "पहिलं पान काकू तोडंन." हे मला गावातल्या प्रत्येकाने सांगितलं, आणि दर वेळी मला ते ऐकवेना. तोवर मी पगारदार होतो. मायला म्हणायचो, आता पत्रावळी सोड. ती म्हणायची, "पैसे दे तू. पण मले रिकामी काहून बसवतं? आता तर पानं दाराशीच हायेत."

त्याच्या पुण्यानुमोदनाच्या पंगतीला वाशीमहून भाड्याची ताटं आणतो, असं मी म्हणालो. माय भिंतीला टेकून बसली होती. "सुदामाच्या पंगतीले बाहेरचं ताट नाई लागत," म्हणाली आणि उठली. वस्तीतल्या बायांना घेऊन बरडावर गेली, दिवसभर पत्रावळी लावल्या आणि बुद्धवंदना झाल्यावर स्वतःही पानावर बसली. मी किती सांगितलं तरी तोवर ती जेवली नव्हती.

हेवा गेलेला नाही. जाईलसं वाटतही नाही. पण सगळं गाव जेवून उठलं तरी पान कमी पडलं नाही, आणि त्यातलं एकही परक्या शिवारातलं नव्हतं.