चार मिनिटांची काळी काच

आमच्या छंदात फोटो कमी अन् किस्से जास्त जमतात, याचं कारण सरळ आहे. लेन्सवर काळीकुट्ट काच लावायची, बटण दाबायचं आणि भर उन्हात चार मिनिटं नुसतं उभं राहायचं. तेवढ्यात वाहतं पाणी दुधासारखं होतं आणि जे चालतंय-फिरतंय ते फोटोतून गायब होतं. आता तीन माणसं रस्त्याकडेला गप उभी आहेत आणि आमच्या वणीकडचा माणूस न विचारता पुढं जाईल? नाव नको! "भाऊ, झाकण काढाचं राह्यलं" हे इतक्यांदा ऐकलंय की मी आता नुसते हात जोडतो.

माझा वणीत फोटो स्टुडिओ. पासपोर्ट फोटो, एक क्लिक, चला पुढचा! धीर नावाची वस्तू माझ्याकडे कधीच नव्हती. या नादाला लावलं राठोड सरांनी. पुसदकडच्या तांड्यावरचे, रिटायर्ड विज्ञान शिक्षक. रविवारी पहाटेची एसटी धरून एवढ्या लांबून येतात. तिसरा सिद्धार्थ. माझ्या शेजारीच त्याचं वेल्डिंगचं दुकान.

* * *

सरांनी पहिल्यांदा त्यांचा महागडा फिल्टर दाखवला, तेव्हा सिद्धार्थनं तो सूर्याकडे धरून पाहिला आणि म्हणाला, "सर, हे तं माह्या दुकानात पडून आहे." गेला आणि वेल्डिंग करताना तोंडापुढं धरतात ती काळी काच घेऊन आला. रबर बँडनं माझ्या कॅमेऱ्यावर बांधली. सरांनी तोंड वाकडं केलं.

वर्धा नदीवर गेलो. फोटो आला, झकास आला, पण त्या काचेमुळं अख्खी नदी हिरवीगार! तो हिरवा रंग काढता काढता कॉम्प्युटरपुढं माझी मान धरली. सिद्धार्थनं तो फोटो मोठ्या हौसेनं बायकोला दाखवला. ती शांतपणे म्हणाली, "नळाले गढूळ पानी येऊन राह्यलं, अन् तुमी नदीचं दूध करत फिरून राह्यले."

त्यानं फोटो गुपचूप पिशवीत घातला.

* * *

मग कोळशाचा रस्ता. तिथं खाणीतून कोळसा नेणारे ट्रक, टिप्परमागे टिप्पर, रांग तुटत नाही. पण चार मिनिटांच्या फोटोत एकही टिप्पर दिसेना! नुसता मोकळा रस्ता आणि थोडी धुळीची धूसर पट्टी. सर खूश. चहाच्या टपरीवर एका ड्रायव्हरनं तो फोटो पाहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

"साहेब, मी तं याच वेळी गेलतो इथून. हा फोटो आमच्या मालकाले दाखवू नका. तो म्हणन, आज तू आलाच नाही."

* * *

त्याच फोटोनं सिद्धार्थला पछाडलं. त्याचं गाव खाणीत चाललंय. निम्मी घरं नव्या वसाहतीत गेली. त्याची म्हातारी माय मात्र जुनं घर सोडायला तयार नाही, आणि तिच्या दारापुढून दिवसभर टिप्पर धावतात. सिद्धार्थ म्हणाला, घर तर जाणारच. पण जायच्या आधी मला एक फोटो पाहिजे, घर आणि पुढचा रस्ता, टिप्परशिवाय. बाबा होते तेव्हा दिसायचा तसा.

पहिल्या रविवारी स्टँड लावला, उन्हात स्क्रीन दिसावी म्हणून सिद्धार्थ काळ्या कपड्याखाली डोकं घालून बसला, तोच एक काका काठी घेऊन धावत आले. तीन पायांचा स्टँड दिसला की त्या गावात एकच अर्थ, खाणवाले जमीन मोजायला आले! "इथं मोजनी कराची नाही!" सिद्धार्थ घाईनं बाहेर आला, "काका, मी सिद्धार्थ आहो." काकांनी त्याला खालवर न्याहाळलं. काठी खाली केली, पण आवाज नाही.

"तू कवापासून लागला रे त्यायच्याकडं?"

सिद्धार्थ दिवसभर जेवला नाही. मला वाटलं, सोडणार हा नाद. कसला सोडतोय!

* * *

दुसऱ्या रविवारी खाणीत ब्लास्टिंग झालं, जमीन थरथरली आणि फोटोत घराला चार भिंतींच्या आठ भिंती. मी वैतागून म्हणालो, बस झालं राजा, मी एका मिनिटात मोबाइलवर काढून देतो. पुढच्या रविवारी तो लोखंडी अँगलचा स्टँड वेल्डिंग करून घेऊन आला. उचलायला दोन माणसं!

"आता येऊ द्या भूकंप," म्हणाला.

भूकंप नाही, वारा आला. त्याच्या पुढच्या रविवारी ढग आले. सरांनी एकही एसटी चुकवली नाही, आणि मीही रविवारचं शटर पाडून जात राहिलो. घराला नोटीस लागली होती. पुढचा रविवार मिळेल की नाही, कुणाला माहीत नव्हतं.

* * *

त्या दिवशी वारा पडला होता. सिद्धार्थनं काच बांधली. तेवढ्यात त्याची माय निळं लुगडं नेसून बाहेर आली आणि ओट्यावर बसली. "मले बी घे," म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. चार मिनिटं! चांगले तरणेताठे लोक धूसर येतात, ही तर सत्तरीच्या पुढची. सरांनी समजावलं, मावशी, जरा जरी मान वळवली तरी तुम्ही पुसल्या जाल. तिनं ऐकलं, पदर नीट केला. सिद्धार्थनं बटण दाबलं.

टिप्पर आले, गेले, पुन्हा आले. हॉर्न वाजले, धूळ उडाली. सर घड्याळाकडे बघत होते आणि मी मायकडे.

स्क्रीनवर फोटो आला. रस्ता मोकळा, थेट वळणापर्यंत. एकही टिप्पर नाही. घर स्वच्छ. आणि ओट्यावर माय, लुगड्याच्या काठासकट लख्ख! सिद्धार्थ रडत होता.

सर तिच्याजवळ गेले. "कमाल आहे, मावशी! चार मिनिटं तुम्ही जराही हलल्या नाही?"

ती ओट्यावरून उठलीही नाही.

"मले हलवून तं ते खाणवाले राह्यले, सर. मी कायले हलू?"