वाऱ्याने नेलेली नावं

माझा मित्र गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्याने एकच फिल्म केली आणि तिच्यापायी मी त्याच्यावर जळत राहिलो. हे आधीच लिहून टाकतो.

धुळ्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. तो सातपुड्यातल्या नदीकाठच्या भिल्ल पाड्यावरचा. पुढे मी धुळ्यातच मास्तर झालो, तो गावी परतला. पाडा धरणाच्या पाण्याखाली जाणार हे कळल्यावर दर सुटीत मी वही घेऊन त्याच्याकडे जाऊ लागलो. त्याच्या काकांना प्रत्येक जागेचं नाव ठाऊक होतं: अस्वलाचा ओहळ, दोन बहिणींचा खडक, आंधळ्या मोहाचं शेत. अंगणात बाजेवर बसून ते सांगत, मी लिहीत असे. गाव बुडालं तरी माझ्या वहीत राहील, असं वाटायचं. माझ्या, हे महत्त्वाचं.

नव्वदीच्या सुरुवातीला कुणा कार्यकर्त्याने त्याच्या हाती व्हिडिओ कॅमेरा दिला. पंधरवड्यात तो चालवायला शिकला. मग एका सकाळी काका पाड्यातून चालत निघाले, हाताने एकेक जागा दाखवत, नाव घेत. तो कॅमेरा घेऊन मागे. मीही होतो. नावं माझ्याकडे आधीच होती, म्हणून मी त्या सकाळचं वर्णन लिहीत होतो.

काका त्याच पावसाळ्यात गेले. दिवाळीनंतर मित्र माझ्या घरी आला.

"मास्तर, वाऱ्याने घात केला. काकांचे ओठ हलतात, पण नाव एकही ऐकू येत नाही. तुझी वही दे, मी वाचतो. वरून आवाज भरू."

"वही कुठेतरी गेली रे. सापडली की देतो."

वही त्याच्या पाठीमागच्या ट्रंकेत होती. तो तिच्यावरच टेकून चहा पीत होता.

"पोरांची वही हरवली की छड्या मारतोस," तो हसून म्हणाला. "तुला कोण मारणार?"

फिल्म तशीच पूर्ण झाली. जळगावात एका वाचनालयाच्या सभागृहात टेबलावर टीव्ही ठेवून ती दाखवली. काका चालतात, हात वर होतो, आणि नुसता वारा. शेजारचे प्राध्यापक माझ्या कानाशी म्हणाले, "नावं ऐकूच द्यायची नाहीत! केवढी कल्पना आहे!" मी नावं दडवली, त्याचंच त्याला कौतुक मिळत होतं.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात मी दिसलो. काका हात लांब करून काहीतरी दाखवताहेत आणि मी मान खाली घालून लिहितोय. मागून कुणी बोललं, "हाऊ मास्तर ते वहीमाच डोकं घालीसन बशेल शे!" सभागृह हसलं. बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, "ते कापता आलं नसतं?"

"कापत होतो," तो म्हणाला. "पण काकांचा हातही कापला गेला असता."

दोन वर्षांत काविळीने तो गेला, पुनर्वसनाच्या गावात. पाडा तोवर बुडाला होता. त्याच्या दिवसांना मी वही घेऊन गेलो आणि त्याच्या बायकोला म्हणालो, "वहिनी, ही हरवली नव्हती."

तिने वही घेतली नाही. टीव्हीवर त्याची फिल्म लावली. "मग वाचा आता."

टीव्हीशेजारी बसून मी वाचू लागलो. ओहळ आला, ओहळाचं नाव वाचलं. खडक आला, तेही जमलं. मग काकांचा हात उतारावरच्या एका झाडाकडे गेला आणि मी अडलो. पानभर नावं समोर होती. पण ती मी बाजेवर बसून घेतलेली. आणि ज्या सकाळी जागा दाखवल्या, त्या सकाळी मी वर पाहिलंच नव्हतं.

खोलीत पाड्यावरच्या दोन म्हाताऱ्या होत्या. त्यांचा थोडा वाद झाला, मग एका नावावर एकमत झालं. ते नाव माझ्या वहीत नव्हतं. सवयीने मी पेन काढलं, मान खाली घातली. लिहून वर पाहिलं तर काका पुढच्या वळणावर गेले होते.